आमवातात डॉक्टरांसोबत उपचार कसे चालवावेत: पहिल्या भेटीपासून औषध कमी होईपर्यंत

“काय, बरं आहे ना?” असं डॉक्टरांनी विचारलं की आपण बहुतेक जण “हो, बरंय” म्हणून मोकळे होतो. बाहेर रांग असते, डॉक्टर घाईत दिसतात आणि दुखण्याचा पाढा वाचायला संकोच वाटतो. मधुमेहात हे एक वेळ खपून जातं, कारण साखरेचा आकडा रिपोर्टात येतोच. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे आमवातात, असा एकटा आकडा कुठल्याच प्रयोगशाळेत मिळत नाही. आजार आत्ता किती जोरात आहे हे मोजण्याची एक सोपी, जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. दाबल्यावर किती सांधे दुखतात, किती सांधे सुजलेत, रुग्णाच्या मते आजार ० ते १० मध्ये कुठे आहे आणि डॉक्टरांच्या मते कुठे आहे, या चार आकड्यांची बेरीज करायची. तिला सीडीएआय म्हणतात. चारपैकी दोन आकडे रुग्णाच्या तोंडून येतात. “बरंय” म्हणणाऱ्याची बेरीज कमी भरते, औषध आहे तेवढंच चालू राहतं आणि आत हाड कुरतडलं जात राहतं.

माझ्या आईला हा आजार आहे आणि तिची फाइल सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. ज्यांना नुकतंच निदान झालंय किंवा ज्यांची औषधं सुरू असूनही हात आखडतच आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. इथे वाचून कुणीही डोस बदलू नये. डॉक्टरांशी काय बोलायचं, कधी बोलायचं आणि घरी काय लिहून ठेवायचं, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

निदान लवकर आणि नक्की करून घ्या

वयानं गुडघे झिजतात तो आजार वेगळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारचं कूर्चा-हाड खायला लागतं. हातांची पेरं, मनगटं, पायांचे चवडे असे लहान सांधे आधी धरतात, बहुधा दोन्ही बाजूंचे. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, चहाचा कप धरवत नाही, आणि हा आखडलेपणा अर्धा तास, तास, कधी दुपारपर्यंत टिकतो. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट आढळतो आणि तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. तिशी-चाळिशीतल्या कितीतरी जणी “बाळंतपणानंतर वात धरलाय” म्हणून वर्ष-दोन वर्षं अंगावर काढतात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली सुरू झालेल्या घरोघरच्या सर्वेक्षणात हजारातल्या साधारण पाच जणांना आमवात असल्याचं दिसलं. म्हणजे पाच-सहा हजार वस्तीच्या गावात पंचवीस-तीस माणसं. त्यातली कितीतरी वेदनाशामक गोळ्यांवरच दिवस ढकलत असणार.

लक्षणं सुरू झाल्यापासूनचे पहिले तीन ते सहा महिने फार मोलाचे असतात. याच काळात योग्य औषध सुरू झालं तर आजार पूर्ण काबूत येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. एकदा वाकडं झालेलं बोट मात्र कुठलीही गोळी सरळ करत नाही.

दाखवायचं कुणाला? हाडांचे डॉक्टर, म्हणजे ऑर्थोपेडिक सर्जन, शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ असतात. आमवात हा प्रतिकारशक्तीचा आजार असल्यामुळे त्याचे तज्ज्ञ संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत ते आहेत. लहान जिल्ह्यांत बऱ्याचदा नसतात. अशा वेळी गावाजवळच्या एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे नियमित तपासणी आणि दर तीन ते सहा महिन्यांनी शहरातल्या तज्ज्ञांची भेट, अशी सांगड घालता येते. मात्र दोघांनाही एकमेकांचे कागद दिसले पाहिजेत. ते काम रुग्णाचं किंवा घरच्यांचं.

रिपोर्टाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. आरए फॅक्टर ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आमवात झालाच असं नसतं. क्षयरोगात, यकृताच्या काही आजारांत, इतकंच काय निरोगी वृद्धांमध्येही ती पॉझिटिव्ह येते. उलट, आमवात असलेल्या बऱ्याच जणांची ती निगेटिव्ह येते. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त खात्रीची. या दोन्ही तपासण्या निदानापुरत्या आहेत. एकदा पॉझिटिव्ह आल्यावर औषधाचा गुण येतोय का हे पाहायला त्या दर महिन्याला करण्यात अर्थ नसतो, त्यासाठी शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या उपयोगी पडतात. आणि सांधेदुखी चिकुनगुनियाच्या तापानंतर सुरू झाली असेल तर तसं आवर्जून सांगा. चिकुनगुनियानंतरची सूज महिनोन्महिने टिकते आणि हुबेहूब आमवातासारखी दिसते.

पहिल्या भेटीला काय घेऊन जायचं

एका पानावर लिहून न्या: पहिलं दुखणं कधी, कुठल्या सांध्यात, मग कुठे गेलं, सकाळी किती वेळ आखडतं, आजवर काय काय घेतलं. “खूप दिवस झाले” यातून डॉक्टरांना काही कळत नाही. “गणपतीत उजव्या हाताची दोन बोटं सुजली, दिवाळीपर्यंत दोन्ही मनगटं” यातून खूप कळतं.

सकाळी सुजलेल्या हातांचे फोटो काढून ठेवा. दवाखाना संध्याकाळचा असतो आणि तोवर सूज ओसरलेली असते. बांगड्या चढत नव्हत्या, अंगठी काढावी लागली, हेही सांगण्यासारखंच आहे.

सगळी औषधं पिशवीत घालून न्या, रिकाम्या पाकिटांसकट. काढे, गुटिका, होमिओपॅथीच्या गोळ्या, कुणी दिलेली पुडी, सगळं. पुडीबद्दल कळकळीनं सांगावंसं वाटतं. नाव-गाव नसलेल्या पुडीनं दोन दिवसांत चमत्कार व्हावा तसं दुखणं थांबलं, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी असते. चेहरा गोल होणं, अंगावर सूज, साखर वाढणं ही त्याची चिन्हं. ती घेत असाल तर लाजू नका आणि ती परस्पर एकदम बंदही करू नका. महिनोन्महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि अचानक तोडल्यास जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना खरं सांगितलं की ते सावकाश उतरवतात.

आणखी काही गोष्टी न विचारताही सांगायच्या: स्वतःला किंवा घरात कुणाला कधी टीबी झाला होता का, कावीळ झाली होती का, मूतखडा किंवा किडनीचा त्रास, पोटातला अल्सर, नागीण, दारू किती आणि कधी, तंबाखू-सिगरेट. घरात कुणाला सोरायसिस आहे का तेही, कारण त्याचा संधिवात वेगळा असतो. लग्न ठरतंय का, मूल हवंय का, हे तरुण मुलींनी पहिल्याच भेटीत सांगावं. सासूबाई सोबत असतील आणि बोलणं अवघड वाटत असेल, तर “डॉक्टर, दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय” असं म्हणायला काहीच हरकत नाही.

डॉक्टरांसोबत ध्येय ठरवा

“दुखणं कमी झालं पाहिजे” हे ध्येय फार ढोबळ आहे. जगभरचे संधिवाततज्ज्ञ आज जी पद्धत वापरतात तिच्यात आधी लक्ष्य ठरतं आणि मग तिथे पोचेपर्यंत औषध बदलत जातं. लक्ष्य असतं आजार पूर्ण शांत होण्याचं. ज्यांचा आजार फार जुना आहे त्यांच्यासाठी निदान अगदी मंद पातळीचं. सीडीएआयची बेरीज २.८ किंवा कमी आली तर आजार शांत, १० पर्यंत मंद, २२ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. रक्ततपासणीसह काढला जाणारा डास-२८ हा दुसरा मापदंड, त्यात २.६ च्या खाली शांत आणि ५.१ च्या वर तीव्र.

म्हणून प्रत्येक भेटीत एक प्रश्न विचारायचा: “डॉक्टर, आज माझा आकडा किती आला? मागच्या वेळी किती होता?” आकडा केसपेपरवर लिहून घ्या. सगळेच डॉक्टर दर वेळी आकडा काढतात असं नाही. गर्दीच्या ओपीडीत ते जमतही नाही. पण रुग्णानं विचारलं तर बहुतेक डॉक्टर आनंदानं सांधे मोजतात, असा माझा अनुभव आहे. सीडीएआयला रक्ततपासणीही लागत नाही. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, हातांच्या बोटांचे वीस सांधे आणि दोन गुडघे, असे २८ सांधे मोजायला तीन-चार मिनिटं पुरतात.

यात एक मोठी उणीव आहे: पावलं मोजली जात नाहीत. आणि आमवात तर चवड्यांपासून सुरू होऊ शकतो! आकडा छान आला पण सकाळी पाय टेकवत नसेल, तर चपला काढून पाय दाखवा.

वेळेचं गणित असं. आजार जोरात असताना दर एक ते तीन महिन्यांनी भेट हवी. नवीन औषध सुरू केल्यावर तीन महिन्यांत स्पष्ट सुधारणा दिसली पाहिजे आणि सहा महिन्यांत लक्ष्य गाठलं गेलं पाहिजे. तसं झालं नाही तर औषध वाढवणं, जोडीला दुसरं देणं किंवा बदलणं, यावर बोलणं व्हायला हवं. डॉक्टर आपणहून बोलले नाहीत तर तुम्ही विषय काढा: “तीन महिने झाले, सकाळचं आखडणं अजून तासभर आहे. डोस वाढवता येईल का, की अजून थांबायचं? थांबायचं तर किती?” या प्रश्नात डॉक्टरांचा अपमान कुठेच नाही. उलट त्यांना हवी असलेली माहिती तुम्ही नेमकी दिलेली असते.

मेथोट्रेक्सेट: आठवड्यातून एकदाच

आमवाताचं पहिलं औषध बहुतेकांना हेच मिळतं. स्वस्त आहे, अनेक दशकांचा अनुभव पाठीशी आहे आणि ते नुसतं दुखणं दाबत नाही, सांध्याची झीज रोखतं. गैरसमजही याच्याबद्दल सर्वांत जास्त. मोबाइलवर नाव शोधलं की ‘कॅन्सरचं औषध’ असं दिसतं आणि घरात रडारड होते. कॅन्सरमध्ये वापरतात तो डोस कितीतरी पटींनी मोठा असतो. आमवातात आठवड्याला साधारण १० ते २५ मिलिग्रॅम लागतात.

आठवड्याला, हे शंभरदा सांगावं लागतं. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असताना ही एकच आठवड्यातून एकदा असते, आणि चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. हे टाळायला घरात पक्की व्यवस्था लावा:

- वार ठरवा आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून तो अक्षरात लिहून घ्या, ‘फक्त रविवारी’ असा. घरातल्या दिनदर्शिकेवर त्या वाराला खूण करा आणि गोळी घेतली की खोडा.
- औषधाचा त्रास कमी करायला सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी मेथोट्रेक्सेटच्या दिवशी न घेता बाकीच्या दिवशी घेतात. कुणाला आठवड्यातून एकदा, कुणाला जवळजवळ रोज. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळसर असू शकतात. अदलाबदल झाली की अनर्थ होतो, म्हणून दोन वेगळ्या डब्या ठेवा.
- मेथोट्रेक्सेट २.५, ५, ७.५, १० अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. मेडिकलवाल्यानं या वेळी वेगळी ताकद दिली तर ‘दोन गोळ्या’चा अर्थच बदलतो. पाकीट उघडण्याआधी आकडा वाचा.
- म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मोजून द्याव्यात.

एखादा वार चुकला तर दोन दिवसांच्या आत घेता येते. त्यापेक्षा उशीर झाला तर तो आठवडा सोडून द्यायचा. भरपाई म्हणून दुप्पट कधीही घ्यायची नाही.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. याच काळात लोक सर्वांत जास्त संख्येनं औषध सोडतात. गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळतं, अंग गळून जातं, आणि दुखणं तर तसंच असतं. मग वाटतं, कशाला घ्यायचं? सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण उपाय आहेत. गोळी रात्री जेवणानंतर घेणं, फॉलिक ॲसिड वाढवणं, तेच औषध पोटावर किंवा मांडीवर इंजेक्शननं घेणं. इंजेक्शन घरी स्वतःला देता येतं आणि बऱ्याच जणांची मळमळ त्यानं जाते. वार निवडतानाही विचार करा. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना शनिवारची रात्र सोयीची. चतुर्थी, एकादशी असेल तेव्हा उपाशीपोटी गोळी घेऊ नका.

गर्भावर या औषधाचा गंभीर परिणाम होतो. ते सुरू असताना खात्रीचं गर्भनिरोधक हवं, आणि मूल हवं असेल तर किती महिने आधी थांबायचं आणि दरम्यान कुठलं औषध घ्यायचं हे डॉक्टरांशी आधी ठरवायला हवं. आमवात असलेल्या बाईला मूल होऊ शकत नाही ही समजूत साफ खोटी आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन अशी औषधं गरोदरपणात चालतात, आणि अनेकींचा आजार त्या महिन्यांत आपोआप शांतही होतो. बाळंतपणानंतर मात्र तो उसळतो, म्हणून त्या वेळची भेट आधीच ठरवून ठेवा.

बाकीची औषधं थोडक्यात

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सौम्य आहे. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. किडनीचा त्रास असेल तर त्याआधीही. सल्फासलाझिननं लघवी नारिंगी होते, घाबरायचं कारण नाही. पुरुषांमध्ये शुक्रजंतूंची संख्या तात्पुरती कमी होते. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. लेफ्लुनोमाइडमध्ये जुलाब, केस गळणं आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवायचं. ते शरीरात फार काळ राहतं, म्हणून मूल हवं असलेल्या बायकांनी ते शरीरातून बाहेर काढण्याचा वेगळा उपचार घ्यावा लागतो.

स्टेरॉइड हा पूल आहे. मुख्य औषधाचा गुण येईपर्यंतचे आठवडे निभावून नेण्यासाठी प्रेडनिसोलोन देतात आणि ते शक्यतो तीन महिन्यांत उतरवून थांबवतात. त्यानं इतकं बरं वाटतं की रुग्ण मुख्य औषध सोडून तेच मेडिकलमधून परस्पर आणत राहतो, आणि काही वर्षांत हाडं ठिसूळ, मोतीबिंदू, मधुमेह मागे लागतात. “हे कधी आणि कसं कमी करायचं?” हा प्रश्न ते सुरू होण्याच्या दिवशीच विचारा.

डायक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिबसारख्या वेदनाशामकांनी दुखणं कमी होतं, झीज थांबत नाही. महिन्यात किती गोळ्या लागल्या हे मोजून डॉक्टरांना सांगा. हा आकडा आजाराबद्दल पुष्कळ सांगतो, आणि किडनी-जठराच्या दृष्टीनंही तो कळायलाच हवा.

रक्ततपासण्यांचं वेळापत्रक तुमच्या हातात ठेवा

मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड सुरू असताना सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत) आणि क्रिएटिनिन (किडनी) या तीन तपासण्या पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, मग थोड्या लांबवत, आणि सगळं स्थिर झाल्यावर साधारण दर तीन महिन्यांनी करतात. नेमकं अंतर डॉक्टर ठरवतील. तारखा लक्षात ठेवणं घरच्यांचं काम. रिपोर्ट भेटीच्या दोन-तीन दिवस आधी हातात असला तर त्याच भेटीत निर्णय होतो. नाहीतर “रिपोर्ट घेऊन या” यातच एक चक्कर वाया जाते, आणि गावाहून येणाऱ्याची तर एक मजुरी बुडते.

वहीत एक तक्ता आखा: तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीपीटी, क्रिएटिनिन, ईएसआर किंवा सीआरपी आणि सीडीएआय. एका ओळीत एक भेट. वर्षभराच्या दहा-बारा ओळी पाहून नवीन डॉक्टरांनाही अर्ध्या मिनिटात चित्र कळतं. फाइलमधले चाळीस सुटे कागद ते कधीच सांगत नाहीत.

दोन भेटींमधली नोंद

रोज लिहायची गरज नाही, त्यानं माणूस आजारातच अडकतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाच ओळी पुरतात. सकाळी किती मिनिटं आखडलं. कुठले सांधे सुजले. त्रास ० ते १० मध्ये किती. वेदनाशामक किती लागल्या. आणि कुठलं काम जमलं नाही.

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. कणीक मळता आली का, ओलं कापड पिळता आलं का, नळ बंद करता आला का, नातवाला उचलता आलं का, साडीच्या निऱ्या धरता आल्या का, एसटीच्या पायऱ्या चढता आल्या का. आपल्या घरांतल्या बायका ‘दुखतंय’ म्हणत नाहीत. त्या हळूहळू कामाची पद्धत बदलतात. पोळ्या करण्याऐवजी भात लावतात, पिळण्याऐवजी कपडे तसेच निथळत ठेवतात. विचारलं तर “काही नाही, चाललंय” म्हणतात. कामांची यादी विचारली की खरं बाहेर येतं, म्हणून ही नोंद घरातल्या माणसानं बसून, प्रेमानं विचारून लिहावी.

थकवा आणि मन यांचीही नोंद असू द्या. थकवा हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे. सतत रडू येत असेल, झोप लागत नसेल, जगण्यात रस उरला नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचंच आहे. त्यावर उपचार होतात आणि मन सावरलं की दुखणं सोसण्याची ताकदही वाढते.

खाण्याबद्दल: आंबट, वांगं, बटाटा, वाल, हरभरा बंद केल्यानं आमवात बरा होतो असा पुरावा नाही. एखाद्या पदार्थानं आपल्याला खरंच त्रास होतो असं वाटलं तर तो टाळावा, पण सगळी कडधान्यं आणि दही-ताक सोडून अशक्तपणा ओढवून घेऊ नये. सिगरेट मात्र सोडाच; तिनं आजार तीव्र होतो आणि औषधांचा गुणही कमी येतो. या आजारात हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो, म्हणून रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तरी पाहावं.

पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही अशा वेळा

पहिल्याच भेटीत विचारून ठेवा: “अचानक त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा?” नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. ताप आणि थंडी, कोरडा खोकला आणि धाप, तोंडात फोड, कुठूनही रक्त येणं किंवा काळी शौच, डोळे पिवळे होणं, अंगावर नागीण उठणं, डोळा लाल होऊन खूप दुखणं. यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी कळवा. एकच सांधा लालभडक, गरम होऊन ताप आला असेल तर त्याला आमवाताची उसळी समजून घरी शेकत बसू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो, तेव्हा थेट रुग्णालयात जा.

पावसाळ्यात जुलाब-उलट्या किंवा डेंगीसारखा ताप आला तर मेथोट्रेक्सेटचा त्या आठवड्याचा डोस घ्यायचा का हे विचारल्याशिवाय घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी झालं की किडनी औषध बाहेर टाकू शकत नाही आणि ते साठतं. दात काढताना, तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर, प्रत्येक ठिकाणी “मी मेथोट्रेक्सेट घेतो” किंवा “घेते” हे आधी सांगायचं. सल्फा-ट्रायमेथोप्रिम हे साधं, सर्रास दिलं जाणारं प्रतिजैविक त्याच्यासोबत घातक ठरतं. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना आमवात आणि मानेचं दुखणं, दोन्ही सांगा. जुन्या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात.

लसींचं बोलणंही बरं असतानाच काढा. फ्लू, न्यूमोनिया, कावीळ बी आणि नागीण यांच्या निर्जीव लसी घेता येतात, त्याही शक्यतो मोठी औषधं सुरू होण्याआधी. जिवंत लसी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

गोळ्या पुरल्या नाहीत तर

दोन-तीन गोळ्या पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ घेऊनही लक्ष्य हाती लागलं नाही तर डॉक्टर बायोलॉजिक इंजेक्शनं (जिवंत पेशींपासून बनवलेली, प्रतिकारशक्तीचा नेमका एक भाग अडवणारी) किंवा टोफॅसिटिनिबसारख्या नव्या गोळ्या सुचवतात. इथे घाईनं ‘हो’ही म्हणू नका आणि खर्च ऐकून उठूनही जाऊ नका.

आपल्या देशात पहिला प्रश्न टीबीचा. कितीतरी निरोगी माणसांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात आणि ही औषधं त्यांना जागं करू शकतात. म्हणून छातीचा एक्स-रे, मॉन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) ही टीबीची तपासणी आणि कावीळ बी व सी यांच्या तपासण्या आधी हव्यात. सुप्त टीबी निघाला तर त्याचं प्रतिबंधक औषध आधी सुरू करतात आणि साधारण महिन्यानंतर इंजेक्शन देतात. या तपासण्या न करता कुणी इंजेक्शन देत असेल तर थांबा आणि विचारा. नव्या गोळ्यांच्या बाबतीत वय ६५ च्या पुढे, धूम्रपान, हृदयविकार किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर तो ठळकपणे सांगा, कारण अशांमध्ये धोका वाढतो.

खर्चाबद्दल मोकळेपणानं बोला. “डॉक्टर, महिन्याला आम्हाला एवढंच झेपेल” हे वाक्य आधी सांगितलं तर ते त्यात बसणारा मार्ग शोधतात. तीन इंजेक्शनं घेऊन पैसे संपले म्हणून चौथं राहिलं, तर आधीचे पैसेही फुकट जातात. अडालिमुमॅब या बायोलॉजिक इंजेक्शनची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीनं बनवलेली तशीच आवृत्ती, २०१४ मध्ये भारतातच बाजारात आली आणि तेव्हापासून स्वस्त पर्याय वाढले आहेत. टोफॅसिटिनिबही आता भारतीय कंपन्या बनवतात. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. कुठली योजना किंवा ट्रस्ट लागू पडेल हे त्यांना विचारा. विमा असेल तर सलाइनमधून दिवसभर दाखल होऊन घ्यायचं औषध त्यात बसतं का, हे लेखी विचारून घ्या. नेहमीच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात चौकशी करावी, फक्त ताकद तीच आहे ना हे पाहून. इंजेक्शनं घरी ठेवायची तर २ ते ८ अंश तापमानात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात गोठली तर वाया जातात. जिथे तासन्‌तास वीज जाते तिथे औषध डोसाच्या दिवशीच आणणं बरं.

या टप्प्यावर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्यावंसं वाटलं तर लपूनछपून जाऊ नका. “निर्णय मोठा आहे, एकदा दुसरं मत घेऊन येतो” असं सांगितलं की बहुतेक डॉक्टर स्वतःच सारांश लिहून देतात. आयुर्वेदिक उपचार जोडीला घ्यायचे असतील तरी दोन्हीकडे सांगा. धोका लपवण्यात आहे, आणि यकृताचा रिपोर्ट बिघडला की कशानं बिघडला हेच मग कळत नाही.

बरं वाटायला लागल्यावर

आकडा २.८ च्या खाली आला, सकाळी हात मोकळे असतात, वेदनाशामक सुटली. आता पहिला मोह होतो सगळं बंद करण्याचा. एकदम बंद केलं तर बहुतेकांचा आजार काही महिन्यांत परततो, आणि परतल्यावर तेच औषध पहिल्यासारखा गुण देईलच असं नाही. पण “आयुष्यभर याच डोसवर” असंही बांधलेलं नसतं. आजार निदान सहा महिने सलग शांत राहिला की औषध कमी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. स्टेरॉइड तोवर गेलेलंच असावं. नसेल तर ते आधी. त्यानंतर महागडी इंजेक्शनं लांबवत न्यायची, म्हणजे दोन आठवड्यांऐवजी तीन, मग चार. मेथोट्रेक्सेट सर्वांत शेवटी, तेही थोडं थोडं. एका वेळी एकच औषध कमी करायचं, म्हणजे त्रास परतला तर कशामुळे ते कळतं. प्रत्येक पायरीनंतर तीन महिने थांबून सांधे पुन्हा मोजून घ्या, आठवड्याच्या पाच ओळी लिहीत राहा, आणि आखडणं सलग दोन आठवडे अर्ध्या तासाच्या वर गेलं तर ठरलेल्या तारखेआधीच फोन करून मागच्या डोसवर परत जायचं का ते विचारा.